संत्र्याच्या रसातला केक

"साक्षी, दोरी नीट धर! खोका सुटला तर तुझी मम्मी आपल्यालेच ओव्हनमध्ये टाकन!" यशदीप ओरडला.

"तुले टाकन! मी तर तिची पोट्टी आहो," साक्षीनं ऐटीत सांगितलं.

पूर्णिमा हसत हसत खोक्यांना रिबिनी बांधत होती. दिवाळीची सुट्टी लागली की नागपूरहून ती थेट रायपूरला, निरंजनकाकांकडे यायची. शेजारचा यशदीप आणि काकांची धाकटी साक्षी म्हणजे तिची सुट्टीतली फौज. यंदा तर मज्जाच होती. रुचिताकाकूनं पहिल्यांदाच केकच्या ऑर्डरी घेतल्या होत्या. अंजीर, मनुका, जर्दाळू आणि संत्र्याची साल भिजवून केलेला काळाभोर केक! दुपारी कॉलनीच्या दिवाळी मिलनात तो कापायचा होता. मेवा कशात भिजवला असं कुणी विचारलं, की काकू पटकन सांगायची, "संत्र्याच्या रसात!"

तेवढ्यात फाटकावर धाडकन आवाज झाला.

केक न्यायला आलेल्या भैय्यालालची ई-रिक्षा खांबाला धडकली होती. साक्षीला रोज शाळेत सोडणारा, वाटेत बोरं घेऊन देणारा भैय्यालाल खाली उतरला आणि भिंत चाचपत उभा राहिला.

"कोन हे? नोनी?" त्यानं विचारलं. पूर्णिमाला तो नोनी, म्हणजे पोरी, म्हणायचा. ती त्याच्या अगदी पुढ्यात होती, पण तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. "मोला सब्बो सफेद-सफेद दिखत हे!"

काका बाहेर आले आणि त्यांचा चेहरा कठोर झाला. "पिऊन आला! दोन वर्षं सांभाळलं, शेवटी मातीच केली ना!"

काका कॉलनीच्या व्यसनमुक्ती समितीचे सचिव. भैय्यालालची दारू त्यांनीच सोडवली होती, सगळ्यांसमोर शपथ घालून.

"मैं नइ पिये हंव, साहेब!"

आरडाओरडा ऐकून मागच्या पाऱ्यातून, म्हणजे मजुरांच्या वस्तीतून, त्याची बायको सत्यभामा धावत आली. काकांचे शब्द तिच्या कानावर पडले आणि तिनं कपाळावर हात मारला. "बच्चों की कसम खाया था तू!" एवढंच म्हणून ती आल्या पावली परत गेली. तो तिच्या आवाजाच्या दिशेनं हात पुढे करून तसाच उभा राहिला.

"झोपू द्या त्याले पोर्चमध्ये. उतरली की येईन शुद्धीवर," काका म्हणाले आणि दुसरी रिक्षा बघायला फोन घेऊन आत गेले.

पूर्णिमानं त्याला पाणी दिलं. ते त्यानं लगेच ओकून टाकलं. ती अगदी जवळ बसली होती, तरी दारूचा वास काही आला नाही. भैय्यालालनं तिचं मनगट धरलं. "तैं तो पतियाबे न, नोनी?" तू तरी विश्वास ठेवशील ना, असं तो विचारत होता.

पूर्णिमानं त्याच्या हातावर हात ठेवला. "हव," ती म्हणाली.

आणि मग ती तडक उठली.

"यशदीप, यानं काल काय खाल्लं?"

"काल? काकूनं बरणीच्या तळाचा मेवा दिला होता त्याले. मोठा कटोराभर! खालचा रससुद्धा पिऊन टाकला त्यानं."

"मले तर मम्मी एक मनुका देऊन नाही राहिली!" साक्षी फुरंगटली. "म्हणे, लेकरांनी खायचं नसते."

पूर्णिमा थबकली. "संत्र्याचा रस लेकरांनी काहून नाही खायचा?"

दुसऱ्या क्षणी तिघंही स्वयंपाकघरात! काकू आत साडी नेसत होती. तांदळाच्या कोठीमागे एक प्लॅस्टिकची कॅन लपवलेली सापडली. तिच्यावर ना नाव, ना लेबल. पूर्णिमानं झाकण उघडलं आणि तिचं नाक झणझणलं.

यशदीपचा चेहरा उतरला. "हे रंगात टाकतात त्या स्पिरिटसारखं आहे. बाबा उरला गावातल्या कारखान्यात आहेत ना, ते सांगतात, तिथं एकानं असलंच काही पिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याले सगळं पांढरं दिसे. मग काहीच दिसेना. मग..."

"पुढं नको सांगू! पळ, तुझ्या आईच्या फोनवरून एकशे आठले बोलाव!"

यशदीप सुसाट पळाला. पण अँब्युलन्स आल्यावर काय? पिऊन पडलाय, असंच सगळे डॉक्टरांना सांगतील. घरचं सामान काकाच आणायचे. कॅनमध्ये काय आहे आणि ते कुठून आलं, हे काकांच्याच तोंडून निघायला हवं होतं. पूर्णिमा साक्षीच्या कानात कुजबुजली, "मी देईन ते हातात घे. तोंडाजवळ ने, पण खाऊ नको. जीभही लावायची नाही!"

ती कॅन घेऊन काकांपुढे उभी राहिली. "हे काय आहे, काका?"

"हळू बोल!" काका दचकले. "रम आहे. मोठ्या दुकानातली, एकदम चांगली. ओव्हनमध्ये सगळी उडून जाते."

"पण काकू तर भाजल्यावरही केकवर शिंपडून राहिली होती."

"तरी काही होत नाही! समजलं?"

"मग साक्षीले देतो एक तुकडा. ती केव्हाची मागून राहिली." पूर्णिमानं केकचा तुकडा साक्षीच्या हातात ठेवला. साक्षीनं तो तोंडाकडे नेला.

"नाही!" काकांनी असा फटका मारला, की तुकडा भिंतीवर जाऊन आदळला.

काकूही दारात येऊन उभी राहिली होती.

"मी दुकानात गेलोच नाही," काका खाली बसले. "कोणी ओळखलं असतं तर? उरल्याच्या ढाब्यामागं एक जण विकते. त्याच्याकडून आणली. आपल्याच घरात भीत भीत ठेवली."

"अन् मी लोकायले संत्र्याचा रस सांगितला," काकू रडायला लागली. "त्याले पण."

बाहेर अँब्युलन्सचा भोंगा वाजला. पूर्णिमानं कॅन काकांच्या हातात दिली. "हे डॉक्टरले दाखवा. अन् खरं सांगा!"

काका अँब्युलन्समध्ये चढले.

खोके फाटकाबाहेर गेलेच नाहीत. संध्याकाळी पोलिसांनी ते जप्त केले आणि ढाब्यामागच्या माणसालाही पकडलं. तोवर तीच दारू पिऊन उरल्याचे दोन मजूर दगावले होते. भैय्यालालचा जीव वाचला. डावा डोळा मात्र गेला, आणि उजव्यानं जेमतेम माणसाची आकृती दिसायची. आणखी उशीर झाला असता तर माणूसच हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कॉलनीचे अध्यक्ष तुळशीरामजी घरी आले. "शाब्बास, पोट्ट्यांनो! तुम्ही नसते तर मिलनाचं मसण झालं असतं!" त्यांनी तिघांची पाठ थोपटली. काकाही म्हणाले, "पूर्णिमा, तुझ्यामुळं वाचलो आम्ही."

पूर्णिमाला ती शाबासकी नकोशी वाटली. "मले नका सांगू, काका. सत्यभामादीदीले सांगा. ती दवाखान्यात गेलीच नाही अजून."

काका उठले. मग चपला घालून ते पाऱ्यात गेले, मागे पूर्णिमा. हापशावर बायकांची गर्दी होती, सत्यभामा घागर भरत होती. काका सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "भैय्यालाल ने नहीं पी थी. दारू मेरे घर की थी. लाने वाला मैं था."

घागर भरून वाहत राहिली. सत्यभामानं पदरानं तोंड पुसलं. काकांकडे पाठ फिरवून ती निघाली. घरी जाऊन तिनं डब्यात भात भरला आणि पूर्णिमाला म्हणाली, "चल."

वॉर्डात पावलांची चाहूल लागताच भैय्यालालनं मान वळवली. "कोन हे?"

"मैं हंव," सत्यभामा म्हणाली.

तो चाचरत म्हणाला, "मैं नइ पिये रेहेंव."

"हव," ती म्हणाली, आणि डबा उघडून त्याला भरवायला बसली.