रांगेतला दुसरा

"काय बेन, कार्ड कशाला काढते? आता कार्डची जरूरत नाय!" प्रेमजीभाई तराजू सोडून हसायला लागला आणि माझी जी काही फजिती झाली म्हणता!

चौपन्न सालचा श्रावण. तांदळावरचं रेशनिंग उठून महिना झाला होता. साऱ्या अंधेरीला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. शाळेत चौथीच्या मुलांना मीच तर फळ्यावर लिहून दिलं होतं. तरी शनिवारी शाळा सुटल्यावर वाण्याच्या दुकानात पाय ठेवला मात्र, माझ्या हाताने आपोआप पिशवीतून रेशनकार्ड काढलं आणि फळीवर ठेवलं. अकरा वर्षांची सवय! दहा वर्षांची होते तेव्हापासून एकच शिकले होते — कार्ड द्यायचं, पिशवी धरायची, मिळेल ते घेऊन घरी जायचं.

"हसू नका हो त्यांना," शेजारून आवाज आला, "मीही तेच केलंय."

बघते तर माझ्या कार्डाला खेटून दुसरं कार्ड! आणि कार्डवाला… उंच, सावळा, चष्म्यावर पावसाचे थेंब. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी, आणि चष्मा पुसायला तिसरा हात कुठून आणावा याचा विचार चाललेला. मला हसू फुटलं. मग त्यालाही.

"बोला, कुठला देऊ?" प्रेमजीभाईने विचारलं.

समोर सात पोती तोंड उघडून बसली होती. कोलम, आंबेमोहोर, जिरेसाळ, पटणी… सगळ्या दुकानात ओल्या गोणपाटाचा आणि तांदळाचा वास भरून राहिला होता. मी या पोत्याकडे बघितलं, त्या पोत्याकडे बघितलं. खरं सांगते, मला चक्क घाम फुटला.

"जाडाच द्या," मी म्हटलं. "नेहमीचा."

"कमाल आहे!" तो म्हणाला. "एवढे तांदूळ समोर असताना जाडाच?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. मी पाऊण तास इथे उभा आहे आणि माझंही काही ठरत नाहीये. म्हटलं, कुणी सोबतीला मिळालं तर बरं."

आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं? शेवटी असं ठरलं की त्याने अर्धा शेर जिरेसाळ घ्यायचा, मी अर्धा शेर कोलम, आणि प्रेमजीभाईने दोन्हींच्या निम्म्या निम्म्या पुड्या बांधून द्यायच्या. एकाने फसावं त्यापेक्षा दोघांनी फसावं! प्रेमजीभाई कुरकुरला, पण त्याने पुड्या बांधल्या.

घरी येऊन बघते तर पिशवीत कार्ड भलत्याचंच. 'सुखटणकर' म्हणून. मी ते वाचलं का? वाचलं तर! त्या काळी रेशनकार्ड म्हणजे पत्रिकाच की. घरात माणसं दोन. वडील, वय अठ्ठावन्न. मुलगा विद्याधर, वय सव्वीस. तिसरं नाव नाही. मी ती ओळ दोनदा वाचली… बरं, तीनदा.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी स्वारी माझं कार्ड घेऊन दारात हजर. माझे वडील, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, ते म्हणाले, "अहो, या कार्डाला आता रद्दीवालासुद्धा विचारणार नाही. एवढ्यासाठी पावसात आलात?"

"नाही म्हणजे… सरकारी कागद आहे," विद्याधर म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले. आईने चहा टाकला. तासभर बसले. एका औषधांच्या कारखान्यात केमिस्ट आहेत, आई नाही, वडिलांसाठी, म्हणजे अण्णांसाठी, भात स्वतः लावतात, हे सगळं मला पडद्याआडून कळलं.

मग दर शनिवार आमचा ठरूनच गेला. कुणी कुणाला 'या' म्हटलं नव्हतं हं! पण शाळेतून सुटले की माझे पाय बाजाराकडे वळायचे आणि दुकानाच्या पायरीवर ओली छत्री दिसायची.

"काय, जिरेसाळ कसा निघाला?"

"वास छान. पण अण्णा म्हणाले, भात मागितला होता, पेज नव्हे."

"पाणी किती घातलंत?"

"अंदाजाने."

"केमिस्ट ना तुम्ही?"

"कारखान्यात मोजतो. घरी पण मोजायचं म्हणजे जगावं कधी?"

तांदूळ पारखायलाही त्यांनीच मला शिकवलं. चार दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायची, नाकाशी न्यायचे, मग एक दाताखाली धरायचा. एकदा ते माझ्या तळहातावर वाकून आंबेमोहोर हुंगत होते, तेव्हा प्रेमजीभाईने असं काही खाकरून दाखवलं की सगळे दाणे खाली सांडले.

आमच्या घरी मात्र रेशनिंग उठलंच नव्हतं. भाऊंनी पहिल्याच आठवड्यात पोतंभर तांदूळ आणून कॉटखाली सरकवून ठेवला होता. "सरकारचा काय भरवसा? उद्या पुन्हा लावतील!" आणि आई? रोज भाताला तांदूळ काढून घेतला की त्यातली एक मूठ परत डब्यात टाकायची. पंधरवड्याच्या शेवटी कमी पडू नयेत म्हणून. आता पंधरवडा कुठला आणि कमी कशाला पडतायत? पण हात ऐकेल तर ना! मी आणलेला आंबेमोहोर शिजला की सगळं घर दरवळायचं, आणि आई म्हणायची, "छान आहे गं. पण चैन आहे. मिळतंय ते गोड मानून घ्यावं माणसाने."

नेमकं तेच वाक्य ती श्रावणाच्या शेवटी पुन्हा म्हणाली, तेव्हा गोष्ट तांदळाची नव्हती.

दादरहून चंद्रप्रकाश नावाच्या मुलाचं स्थळ आलं होतं. बँकेत नोकरी, स्वतःचा ब्लॉक, हुंडा नको. मंडळी येऊन गेली, पोहे खाऊन गेली, मी पसंत पडले. गणपतीआधी उत्तर हवं होतं. मुलगा चांगला होता हो! खोटं कशाला बोलू? नाव ठेवायला जागा नव्हती. मला कुणी विचारलंही नाही, आणि खरी लाज याची वाटते की मीही तोंड उघडलं नाही. 'मला हे नको', 'मला ते हवं' हे म्हणायची जिभेला सवयच नव्हती. घरात सगळे खूश होते आणि माझा जीव मात्र नुसता कासावीस होत होता.

त्या शनिवारी विद्याधरांनी काही विकतच घेतलं नाही. आम्ही मुकाट्याने स्टेशनच्या फाटकापर्यंत आलो आणि फाटक पडलं. टांगे थांबले, सायकली थांबल्या. भुरभुर पाऊस होता. त्यांनी छत्री माझ्यावर धरली आणि स्वतः निम्मे भिजत उभे राहिले.

"अभिनंदन… म्हणू का?"

"म्हणा ना. तोंड कुणी धरलंय?"

"भाऊ भेटले होते. दादरचं सांगत होते." ते थांबले. मग रुळांकडे बघत म्हणाले, "खरं तर मी अण्णांना सांगितलं होतं, तुमच्याकडे शब्द टाका म्हणून. ते निघालेही होते. पण कळलं, दादरचे लोक आधी येऊन गेलेत. मग मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, त्यांचं काय ते होऊ दे. नाही जमलं, तर मग…"

"तर मग काय?"

"तर मग आमचा नंबर."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, थट्टा करतायत. छे! चेहरा अगदी गंभीर. ज्या माणसासाठी मी आठवडाभर शनिवारची वाट बघायची, तो माणूस चंद्रप्रकाशच्या मागे शिस्तीत रांग लावून उभा होता!

"अहो, ही काय रेशनची रांग आहे?" माझा आवाज एवढा चढला की टांगेवालाही वळून बघायला लागला. "मी काय पोतं आहे? पुढचा घेऊन गेला आणि तुम्हाला म्हणाले 'माल संपला', तर काय कराल? रिकामी पिशवी घेऊन घरी जाल?"

त्यांनी छत्रीचा दांडा या हातातून त्या हातात घेतला.

"एकदा घुसलो होतो मधे," मग हळूच म्हणाले. "आई आजारी होती. पंधरा वर्षांचा होतो मी. एका म्हातारीने जागा दिली, म्हणाली, घे बाबा तू आधी. मी घेतला, आणि तिची पाळी आली तेव्हा तांदूळ संपला. ती तशीच परत गेली… त्यानंतर कुणाच्या पुढे जाववतच नाही, माणिक."

माझा सगळा राग पावसात वाहून गेला. पहिल्यांदा त्यांनी मला नावाने हाक मारली होती, आणि तीही अशा वेळी! डोळे भरून आले माझे.

"त्या म्हातारीला तांदूळ हवा होता," मी म्हटलं. "मला दादर नकोय."

मालगाडी आली. डबे संपता संपत नव्हते. त्या खडखडाटात ते माझ्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "मग ऐक. मला तू हवी आहेस. झालं, घुसलो!"

फाटक उघडलं. टांगेवाल्याने घंटी वाजवली, मागून कुणी ओरडलं, आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसत रुळांच्या मधोमध उभे.

पण हसणं फाटकापाशी सोपं, घरी कठीण. घरी गेले तर भाऊ दादरला पत्र लिहीत बसलेले. 'आपला निर्णय वाचून आनंद झाला' इथपर्यंत आलं होतं. आई तांदूळ निवडत होती.

"भाऊ, ते पत्र पाठवू नका."

"का? मुलात काय खोट आहे?"

"काही नाही."

"घरात?"

"काही नाही."

"मग? असं स्थळ पुन्हा चालून येणार आहे का, माणिक? सोन्यासारखं स्थळ. हातचं घालवशील आणि मग बसशील रडत!"

फाटकापाशी एवढी तडतडणारी मी, घरात पुन्हा पिशवी धरून उभी राहिले होते. भाऊंनी लेखणी उचलली.

"थांबा जरा," आई म्हणाली.

सूप बाजूला ठेवून ती माझ्याजवळ आली. "अकरा वर्षं मी जे वाढलं ते तू खाल्लंस. किडका तांदूळ, खड्यांची ज्वारी… कधी नको म्हणाली नाहीस, कधी आणखी दे म्हणाली नाहीस. शेजारणी म्हणायच्या, काय गुणाची पोर! आणि मला रात्री झोप यायची नाही गं. वाटायचं, हिची मागायची सवयच मोडली मी." तिने माझी हनुवटी वर केली. "आज माग. काय हवंय?"

"ते… औषधांच्या कारखान्यातले…"

"नाव नाही का त्याला?"

"विद्याधर."

"ऐकू येत नाही."

"आई, असं काय करतेस!"

"मग काय करू?" आईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. "लग्न झाल्यावर नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. उखाण्यात काय घेशील तेवढंच. आत्ता घे मनसोक्त. आणि मोठ्याने घे, तुझ्या भाऊंना ऐकू जाऊ दे."

भाऊंनी लेखणी खाली ठेवली. दादरचं अर्धवट पत्र हळूच दुमडलं आणि माझ्याकडे बघायला लागले.

मग मी मोठ्याने घेतलं. चांगलं तीनदा.