खांबाभोवती तीन फेऱ्या

लाकूड जरा आत सारा, आणि ते फोन खिशात घाला. हे मी कुठं वाचलेलं नाही. इन्सोन मिस्त्रीनं स्वतः मला सांगितलंय. आणि इन्सोनला तुम्ही ओळखता. त्या माणसाला साधा विनोद धड सांगता येत नाही, तो भुताची गोष्ट काय रचणार!

न्गाओ गावाकडं जाणाऱ्या रस्त्याला त्याचं गॅरेज. जानेवारीतला दुसरा शुक्रवार, संध्याकाळचे साडेसात. काम तसं किरकोळ होतं. बायकोची जुनी पिकअप तो नव्यानं बांधत होता, तिची चासी आतून दारापर्यंत आणायची होती. आठला रंगवाल्याचा टेम्पो येणार होता. बॉडी, इंजिन, चाकं सगळं उतरवलेलं. उरली होती नुसती चासी, म्हणजे लोखंडाची लांबलचक शिडीच, दोन्ही टोकांखाली छोट्या चाकांची एकेक पाटगाडी. मागून एकानं ढकलायची, पुढून एकानं वळवायची. पुढं माणूस लागतोच, नाहीतर ती चाकं वाटेल तिकडं तोंड करतात.

ह्याच गाडीतून चानपेन, म्हणजे त्याची बायको, बाजारात कोबी न्यायची. आदल्या जानेवारीत ती आठवडाभराच्या तापानं गेली. विहारात तिची शवपेटी चितेभोवती तीनदा फिरवली, चिता डाव्या हाताला ठेवून, रीतीप्रमाणं. पुढं पेटीला बांधलेला पांढरा दोरा धरून भिक्षू, मागं घरची माणसं. नवऱ्याची जागा तेवढी रिकामी. मी होतो त्या फेऱ्यांत, म्हणून सांगतो. इन्सोन त्या वेळी गॅरेजात तिच्या गाडीचे बोल्ट सोडवत होता.

रडला नाही, प्यायला नाही. मला म्हणाला, "काहीच वाटत नव्हतं, दादा. दाढ काढायच्या आधी सुई देतात ना, मग गाल कसा होतो? तसा सगळा मीच झालो होतो."

मला राग आला होता त्याचा. खोटं कशाला बोलू.

तर त्या शुक्रवारी दुपारी चानपेनची थोरली बहीण खामपुन गॅरेजात आली.

"उद्या वर्ष होतंय तिला. भिक्षूंना जेवण आहे. येणार आहेस, की उद्याही बोल्टच?"

"बघतो, ताई."

"बघतो म्हणे! अरे, वर्षभर माझ्या स्वप्नात येते ती. चितेपाशी नुसती उभी. बस म्हटलं तर बसत नाही, जा म्हटलं तर जात नाही. म्हणते, त्याला येऊ दे, मग निघते."

इन्सोननं हातातला पाना पुसला. बराच वेळ पुसत राहिला. ती निघून गेली.

संध्याकाळी वेल्डर थोंगयोत हात धुऊन म्हणाला, "मिस्त्री, नूडल्स खाऊन येतो दहा मिनिटांत. एकट्यानं ओढाताण करू नका. चासी वाकली तर मी सरळ करून देईन, कंबर नाही!"

दहाची वीस मिनिटं झाली. इन्सोननं घड्याळ बघितलं आणि मागं जाऊन ढकलायला सुरुवात केली.

गॅरेजच्या मधोमध एक खांब आहे. त्याच्या उजवीकडून गेलं की समोर दार. चासी खांबाच्या उजव्या अंगानं सरळ गेली, आणि खांब ओलांडताच वळली डावीकडं.

"ए बये, इकडं!" तो लोखंडावर खेकसला. पण वळायला लागलेली चार मीटरची चासी मागून आवरत नाही. खांबाला डाव्या हाताला ठेवून पुरा वळसा पडला आणि तो होता तिथं परत आला.

पुढं जाऊन त्यानं लाथेनं चाकं उजवीकडं वळवली. मागं आला. ढकललं.

चासी डावीकडं गेली.

ह्या खेपेला चाकं करकरत नव्हती. गॅरेजात दिवा एकच, तोही टेबलावर. पुढचं टोक अंधारात होतं... आणि जोर लावावा लागत नव्हता. पुढं कुणीतरी बेतानं, वाट माहीत असल्यासारखं ओढत होतं.

दुसरी फेरी पुरी झाली.

इन्सोननं हात काढून घेतले.

चासी थांबली नाही.

"चानपेन...?"

चाकं फिरत होती. आवाज नव्हता. भीतीसुद्धा वाटली नाही, म्हणाला. फक्त मोजलं. दोन झाल्या. एक राहिली.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. आणि मागून चालायला लागला. हात मोकळे. मान खाली. खांब डाव्या हाताला...

तिसरी.

मग चासी उजवीकडं वळली. सरळ दाराशी गेली. उंबऱ्यापाशी थांबली.

"आलो," इन्सोन म्हणाला. "उशीर झाला."

...

थोंगयोत आला तेव्हा मिस्त्री तिथंच उभा, टोपी हातात.

"एकट्यानं आणलीत? पुढं कोण होतं?"

थोंगयोतनं मोबाइलचा उजेड पुढच्या टोकावर मारला.

"मिस्त्री, हे कुणी बांधलं?"

पुढच्या आडव्या पट्टीला पांढरा दोरा होता. हातभर लोंबत होता, टोक मोकळं. गाठ मारलेली दोन वेढ्यांची, शेपूट उलटी आत खोचलेली. कोबीच्या गोण्यांना चानपेन मारायची तीच. गावात तशी दुसरं कुणी मारत नाही.

इन्सोननं गाठीला बोट लावलं. म्हणाला, वर्षभरात बोटांना पहिल्यांदा काहीतरी कळलं. आणि तो उंबऱ्यावर बसून जो रडला, की टेम्पोवाला आला तो इंजिन बंद करून गाडीतच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी विहारात सगळ्यांच्या आधी तो हजर होता.

रंगवाल्यानं दोरा कापायला ब्लेड काढलं होतं. इन्सोननं त्याचा हात धरला. मग दोऱ्यावरूनच काळा रंग मारला. आता तो स्वतः त्याच पिकअपमधून कोबी नेतो. परवा बाजारात येईल, तेव्हा पुढच्या बंपरखाली हात घालून बघा. रंगाखाली गाठ लागते.

मी बघितलीय. दोन वेढे, शेपूट आत.