दोन खरी भाकितं

खारवेळच्या मतभाकीत केंद्रात एकेचाळीस हजार मतदार एका कपाटात राहत. खरे मतदार नव्हेत, त्यांची मतप्रतिरूपं. शहरातल्या प्रत्येक मतदारानं दरवर्षी दीडशे प्रश्नांची उत्तरं द्यायची, त्यावरून त्याचा एक गणिती जुळा तयार व्हायचा, आणि हा जुळा कपाटातल्या संगणकात निमूट बसून राहायचा. मूळ माणसापेक्षा तो थोडा शहाणाच म्हणायचा, कारण तो प्रचारसभांना जात नसे.

या जुळ्यांच्या जोरावर केंद्र नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दहा दिवस आधी भाकीत जाहीर करी, आणि दहा दिवसांनी हुबेहूब तसंच घडे. वीस वर्षांत एकदाही चूक नाही! त्यामुळे केंद्राच्या प्रमुख डॉ. इंदुमती मयेकर यांना लोक लग्नकार्यात पहिल्या रांगेत बसवत. बाईंनाही ते आवडे, उगाच खोटं कशाला बोला.

यंदा भाकीत जाहीर होण्याच्या आदल्या सकाळी त्यांच्यासमोर दोन कागद आले. आणणारा होता फैयाज मुकादम, चार महिन्यांपूर्वी केंद्रात रुजू झालेला गणितज्ञ. हुशार होता, पण एखादी गोष्ट ‘अशीच असते’ म्हणून सांगितली की त्याला झोप येत नसे.

पहिल्या कागदावर होतं: तटरक्षा आघाडीचे सुर्वे एकोणपन्नास टक्के, नगर मंचाचे शिरोडकर पंचेचाळीस, अपक्ष सुहासिनी तांडेल सहा.

दुसऱ्यावर होतं: तांडेल बावन्न, सुर्वे सव्वीस, शिरोडकर बावीस.

“दुसरा फाडून टाक,” इंदुमती म्हणाल्या. “कुठेतरी घोळ झालाय.”

“तीनदा तपासलं, मॅडम. दोन्ही बरोबर आहेत.”

“अरे, एका निवडणुकीचे दोन निकाल कसे लागतील?”

“आपण कुठला कागद छापतो, त्यावर लागतील ना.”

इंदुमतींनी दुसरा कागद पुन्हा जवळ ओढला. कारण भाकीत मुळात कसं काढतात, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. भाकीत छापलं की लोक ते वाचतात, आणि वाचून मत बदलतात. आपला माणूस पडणार असं दिसलं की त्याला सोडतात आणि उरलेल्या दोघांतला त्यातल्या त्यात बरा पाहतात. म्हणजे छापलेलं भाकीत छापल्यामुळेच खोटं पडायचं. यावर इंदुमतींनी तोड काढली होती: आधी एक अंदाज धरायचा, तो जुळ्यांना दाखवायचा, त्यांनी बदललेल्या मतांवरून नवा अंदाज बांधायचा, तोही त्यांना दाखवायचा. असं करत राहायचं, आकडे हलायचे थांबेपर्यंत. जिथे थांबतात ते स्थिरभाकीत. ते सगळ्या गावानं वाचलं तरी खरंच राहतं.

“पण थांबायच्या जागा दोन असल्या तर?” फैयाज म्हणाला. “आप्पेपात्रात वाटाणा टाका. तो कुठल्या तरी खळग्यात जाऊन थांबणार हे नक्की. पण कुठल्या, ते तुम्ही टाकला कुठे त्यावर. मॅडम, आपण सुरुवातीचा अंदाज म्हणून काय भरतो?”

“मागच्या निवडणुकीचा निकाल.”

“का?”

इंदुमतींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. का? वीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा यंत्र चालवताना सुरुवातीच्या अंदाजाचं घर रिकामं ठेवता येत नव्हतं. काहीतरी भरायलाच हवं होतं. हाताशी मागचा निकाल होता, तो भरला. पुढच्या वेळी तसंच केलं, आणि मग ती पद्धतच पडली. केंद्राच्या माहितीपुस्तकात तिला ‘मयेकर पद्धत’ असं भारदस्त नावही होतं. त्या घाईच्या कामामुळे वाटाणा दर वेळी त्याच खळग्यात पडत आला होता. सुर्वे, नाहीतर शिरोडकर. शिरोडकर, नाहीतर सुर्वे.

“मी फक्त लोकांच्या आवडीपासून सुरुवात केली,” फैयाज म्हणाला. “कोण जिंकेल हे न विचारता. तेव्हा दुसरा कागद निघाला.”

आता हे नुसतं गणित असतं तर बाईंनी एक शोधनिबंध लिहिला असता आणि विषय संपला असता. पण खारवेळ हे समुद्रभिंतीच्या आडोशाला वसलेलं शहर होतं, आणि समुद्र दरवर्षी बोटभर वर चढत होता. सुर्वे म्हणत भिंत काँक्रीटनं उंच करू, शिरोडकर म्हणत दगडानं. तीस वर्षं भिंतीवरचं पंपघर चालवलेल्या तांडेलबाई एकट्याच म्हणत होत्या, की पायाच पोखरला गेलाय, भिंत फार तर नऊ वर्षं टिकेल, तेवढ्यात खालची आळी वर सड्यावर, कातळाच्या पठारावर हलवा. अकरा हजार माणसं होती त्या आळीत. त्यांतले एक म्हणजे इंदुमतींचे थोरले भाऊ दत्ताराम.

दुपारी त्या दादाकडे जेवायला गेल्या. ताटात बांगडा होता, पण त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

“दादा, तुला तांडेलबाई कशा वाटतात?”

“बाई सोन्यासारखी आहे. बोलते ते शंभर टक्के खरं.”

“मग मत तिलाच?”

“वेडी की काय तू! सुर्व्यालाच देणार. तो चोर आहे, पण निदान पंप दुरुस्त करतो. शिरोडकर आला तर तेही बंद.”

“अरे, पण तुझं घर बुडणार आहे!”

“माहीत आहे गं मला. पण तांडेलबाईला देतंय कोण? सहा टक्के? मग माझं मत फुकट घालवू?” दत्तारामांनी भात कालवला. “तुझ्याच भाकितात दर वेळी छापून येतं ना, तिसऱ्याला सहा टक्के? तूच सांगतेस, आणि मलाच विचारतेस!”

इंदुमतींनी ताट बाजूला सारलं. वीस वर्षं आपण शहराचं मन वाचतोय अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात त्या ते मन घडवत आल्या होत्या, आणि सख्ख्या भावाला त्याच्याच घरात बुडवायला निघाल्या होत्या. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

केंद्रात परतल्या तेव्हा फैयाज दुसरा कागद घेऊन तयारच होता.

“हाच छापूया. शंभर टक्के खरा ठरेल. तांडेलबाई येतील, आळी वाचेल.”

“आणि निवडून कोणी दिलं? मी.”

“आजवर कोण देत होतं?”

“ते नकळत, फैयाज. आता जाणूनबुजून करू?” त्या खुर्चीत बसल्या. “आज माझ्या हातून चांगलं होईल. उद्या या खुर्चीत दुसरा कोणी बसेल, तो आपल्या सोयीचा खळगा शोधेल. आणि त्याचंही भाकीत खरंच ठरेल. कोणाला संशयसुद्धा यायचा नाही.”

“मग करायचं काय?”

“दोन्ही छापायची. शेजारी शेजारी. आणि दोन का निघाली, तेही लिहायचं.”

फैयाज चमकला. नगराचा कायदा त्यालाही पाठ होता: केंद्राचं भाकीत तीन टक्क्यांहून जास्त चुकलं तर केंद्र विसर्जित. दोन परस्परविरोधी भाकितं छापली तर त्यातलं एक तरी खोटं पडणारच. म्हणजे भाकितांवर सही करण्याआधीच केंद्र बंद झालेलं.

“मॅडम, तुमची वीस वर्षं आहेत ही.”

“माझी मेली वीस वर्षं! आळीची नऊ उरलीयत.”

फैयाजनं दोन्ही कागद एकत्र दाखवून जुळ्यांना मत विचारून पाहिलं. तांडेलबाईंचे आकडे चाळिसावरून पन्नासावर जात, पुन्हा खाली येत, आणि थांबायचं नावच घेत नव्हते. इतर लोक कुठल्या कागदावर विश्वास ठेवतील, हे एकाही जुळ्याला ठरवता येईना. फैयाजनं यंत्र बंद केलं. पुढे काय होणार हे खारवेळमध्ये वीस वर्षांत पहिल्यांदाच कोणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही भाकितं जाहीर झाली आणि गावात एकच कल्लोळ उडाला. सुर्वे म्हणाले, बाईंना चळ लागलाय. शिरोडकर म्हणाले, हा सुर्व्यांचा डाव आहे. लोक मात्र चहाच्या टपऱ्यांवर, मासळीबाजारात, सलूनमध्ये दोन्ही कागद पुढ्यात घेऊन एकमेकांना एक नवाच प्रश्न विचारू लागले. आजवर सगळे विचारत, कोण येणार? आता विचारू लागले, “ते जाऊ दे रे, तुला कोण हवंय?” आणि उत्तर ऐकून चकित होऊ लागले.

निकाल लागला. तांडेल चव्वेचाळीस टक्के, सुर्वे एकतीस, शिरोडकर पंचवीस.

तांडेलबाई निवडून आल्या. आणि दोन्ही भाकितं चुकली! फैयाज आधी गोंधळला, मग हसत सुटला. पहिल्या भाकितात भिऊन दुसऱ्याकडे गेलेली मतं धरली होती, दुसऱ्यात जिंकणाऱ्याच्या मागे धावलेली. या वेळी कोण जिंकणार ते कळत नव्हतं, म्हणून भ्यायलाही कारण नव्हतं आणि धावायलाही. सुर्व्यांना पडलेली मतं आयुष्यात पहिल्यांदाच सुर्व्यांची होती.

आठवड्यानं नव्या नगराध्यक्षांनी इंदुमतींना बोलावून घेतलं. टेबलावर केंद्र विसर्जित करण्याचा ठराव होता.

“माझा हात धजत नाही हो, मॅडम,” तांडेलबाई म्हणाल्या. “तुमच्यामुळे मी इथवर आले. कायदा बदलून घेते. केंद्र राहू दे, तुम्हीही राहा.”

इंदुमतींना मोह झाला. अठ्ठावन्नाव्या वर्षी नोकरी शोधत कुठे फिरायचं? हो म्हटलं की झालं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला.

“बाई, सुरुवातीला मी मागचा निकाल भरते, हे तुम्ही वाचलंत ना? आता मागचा निकाल म्हणजे तुम्ही. पाच वर्षांनी यंत्र तुमच्यापासून सुरू होईल आणि तुमच्यावरच थांबेल. तुम्ही कामं केलीत काय नि नाही केलीत काय, खालच्या आळीतल्या माझ्या दादासकट सगळे म्हणतील, दुसऱ्याला देऊन मत फुकट कशाला घालवा.”

“मग सुरुवात दुसरीकडून करा.”

“कुठून, ते मीच ठरवणार ना? म्हणजे पुन्हा मीच निवडून देणार.”

तांडेलबाईंनी मान वळवली. खिडकीतून समोर भिंत दिसत होती.

“म्हणजे मी या खुर्चीत बसून गाढवपणा केला,” त्या म्हणाल्या, “तरी लोक मलाच आणतील? मनाविरुद्ध?”

“होय. आणि माझं भाकीत तंतोतंत खरं ठरेल.”

“अगंबाई!” तांडेलबाईंनी ठराव पुढे ओढला आणि पंपघराच्या नोंदवहीत तीस वर्षं करत आल्या होत्या तशी ठसठशीत सही ठोकली. “पाच वर्षांत खालची आळी सड्यावर नाही पोचली, तर मला इथून हाकलायला तुमच्या दादांना जमलंच पाहिजे.”