अमाशीच्या दिवशीची लॉरी

केशवापूरच्या थांब्यावर हेमावती कंपनीच्या बसमध्ये चढली, तर तिच्या खिडकीजवळच्या जागेवर चक्क एक कॉम्प्युटर बसलेला! शेजारी एक चष्मेवाला तरुण त्याला धरून होता.

“ही माझी जागा आहे.”

“सॉरी… ह्याला धक्के सोसत नाहीत हो.”

“आणि मला सोसतात?”

तो ओशाळला, स्वतः उभा राहिला आणि तिला आपली जागा दिली. बेलूरचा कारखाना येईपर्यंत खोक्याकडे बघायच्या निमित्ताने तो तिच्याकडेच बघत होता. लबाड दिसतोय, तिने ठरवून टाकलं.

साल २००३. पंपांच्या त्या कारखान्यात कुठलं काम आधी, कुठल्या मशीनवर, लॉरी कधी, हे सगळं हेमावती रोज सकाळी खडूने फळ्यावर लिहायची आणि मालक पांडुरंगअप्पांसकट सगळे त्याप्रमाणे चालायचे. आता हे कॉम्प्युटर ठरवणार होता, आणि पुण्याचा प्रभंजन तो बसवायला आला होता. फळा गेला की तिची खुर्ची जाणार. मग घरी बसायचं आणि येईल त्या स्थळापुढे चहा-पोहे घेऊन जायचं!

प्रभंजन मात्र रोज तिच्या टेबलाशी हजर.

“हे काम मंगळवारी का?”

“भारी काम आहे. सोमवारी मशीनवरच्या नागोजीमामांचा उपास असतो.”

“उपास… कुठल्या रकान्यात भरू?”

“तुमच्या डोक्यात भरा!”

तो हसला की गालाला खळी पडायची. त्या खळीचाही तिला संशय यायचा. गोड बोलून हा आपलं डोकं त्या खोक्यात उतरवतोय, आणि काम झालं की जाईल निघून… तो जाईल याचंच जास्त वाईट वाटतंय, हे ध्यानात आल्यावर तर ती स्वतःवरच चिडली.

एके दिवशी त्याने विचारलं, “शुक्रवारी अमावास्या आहे. काही अडतं का?”

अडायचं तर! लॉरीवाले सटवाजीअण्णा अमाशीला लॉरी धुऊन पूजा करायचे, चाक हलवायचे नाहीत. हेमावतीने त्याच्या डोळ्यांत बघितलं. “छे! काही नाही.”

शुक्रवारी पंप तयार, लॉरीचा पत्ता नाही. फोनवर गिऱ्हाईक ओरडत होतं.

“यान्री, काय हो सर,” अप्पा लालबुंद झाले, “तुमच्या यंत्राला अमाशी कळत नाही? ते उचला आणि संध्याकाळच्या गाडीने पुण्याला चला!”

“चूक माझी आहे, अप्पा.” प्रभंजनने मान खाली घातली.

फळा वाचला, खुर्ची वाचली. पण हेमावतीला कळेना. हा आपलं नाव का घेत नाही? यातही काही डाव…?

“अप्पा,” तिच्या तोंडून निघून गेलं, “त्यांनी विचारलं होतं. मीच खोटं सांगितलं.”

प्रभंजन हळूच म्हणाला, “काल सटवाजीअण्णांनी मला आजच्या लॉरीच्या पूजेला बोलावलं होतं.”

“तरी प्लॅन बदलला नाहीत?”

“वाटलं, लॉरी काढायला तुम्ही त्यांना पटवलं असेल. तुमच्या शब्दावर शंका… नाही आली.”

लाजेने तिचे कान तापले. “अप्पा, कॉम्प्युटर इथेच राहू दे. अमाशी, उपास, सगळं मी भरून देते. फळा काढा.”

“मग तुझं काय काम ग?”

प्रभंजनने एक कागद पुढे केला. यंत्र फक्त सुचवेल. निर्णय हेमावतींचा, असं त्यावर छापलं होतं.

“हे आत्ता नाही ना छापलंत?”

“तारीख बघा.”

तिने खरंच बघितली. महिन्यापूर्वीची होती.

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं, तर तुम्ही भांडला नसतात… मला तुम्ही आवडता, हेमावती.”

अप्पांसमोर! तिने त्याचा चेहरा नीट निरखला. कुठेच काही लबाडी सापडेना.

“ननगू,” ती पुटपुटली. पुण्याच्या माणसाला कन्नड कळणार नाही, म्हणूनच तेवढा धीर झाला.

“अप्पा… काय म्हणाल्या त्या?”

“‘मलाही’ म्हणाली रे! आता जा दोघं, दुसरी लॉरी बघा.”