चढावरचा चोक

गाडीची चावी देतो रे, पळून जात नाही ती. पण चढाच्या रस्त्याने जाणार म्हणता ना, मग आधी बसा. आणि तू, तो मोबाईल उलटा ठेव. खालून तोंडावर उजेड पडला की तूच भुतासारखा दिसतोस.

ही गाडी मूळची माझी नव्हे, माझ्या मित्राची. त्याला सगळे फिटरच म्हणायचो, त्याची बायकोसुद्धा. कान असा तयार, की रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून हिचा पेट्रोलचा जेट तुंबलाय म्हणून सांगायचा.

वहिनींची एक खोड होती. गाडीत बसल्या की पिशवी समोरच्या चोकच्या बटणाला अडकवायच्या. चोक तुम्ही पोरांनी कुठून बघितला असणार! जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत ते ओढायचं बटण असतं. गार इंजिन सुरू करताना बाहेर ओढायचं, म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. इंजिन तापलं की आत ढकलायचं. फिटर ओरडायचा, "अगं, ती काय खुंटी आहे?" वहिनी पिशवी मांडीवर घ्यायच्या, "बरं बाबा, माझंच चुकलं," म्हणायच्या, आणि पुढच्या खेपेला पिशवी पुन्हा तिथेच. भांडण मिटवायचं त्यांचं ते हुकमी वाक्य होतं.

एका रात्री वहिनींच्या छातीत कळ आली. फिटरने त्यांना उचलून गाडीत बसवलं आणि निघाला. सपाटीवर गाडी ठीक होती. चढ लागला तशी अडखळायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की आचके, मागून काळा धूर. वळणावर बंदच पडली. बॉनेट उघडलं तर कार्बोरेटर पेट्रोलने ओला. त्याला वाटलं, पेट्रोल अडवणारा आतला फ्लोट अडकला. बिचारा अंधारात खोलत बसला, आणि आत वहिनी त्याला हाका मारत होत्या. शेवटी एक ट्रक थांबला. पिशवीसकट वहिनींना ट्रकमध्ये घेतलं. दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी आणायला गेलो, खोललेलं जोडलं, तर पहिल्या सेल्फला सुरू!

मग वर्षभर त्याने तो कार्बोरेटर किती वेळा खोलला, त्याला गणतीच नाही. जेट फुंकले, फ्लोट बदलला, पंपाचं रबर बदललं, फिल्टर बदलला. दोष काही सापडेना. चढावर नेऊन बघायचा, तर गाडी लोण्यासारखी चालायची. मी म्हणायचो, "सोड रे आता." तो म्हणायचा, "माझ्या हातून काहीतरी राहिलं. काय राहिलं, तेवढं कळू दे. मग झोप लागेल मला." अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. मला तर त्याच्याकडे बघवत नसे.

पुढचं त्याने सांगितलं तसं सांगतो.

मार्च महिना, मंगळवार, रात्रीचे पावणेबारा. चढाच्या माथ्यावर एका ट्रकची बॅटरी उतरली होती, तिथे दुसरी बॅटरी पोहोचवायची होती. हा एकटाच निघाला. चांदणं स्वच्छ होतं. वारा अजिबात नव्हता.

चढ लागला. गाडी अडखळली.

तेच आचके. तोच धूर. त्याच वळणावर... बंद.

उतरायला दाराला हात घातला, आणि त्याची नजर चोकवर गेली. बटण बाहेर आलं होतं.

त्याने ते आत ढकललं.

ते बाहेर आलं. सावकाश.

पुन्हा ढकललं. पुन्हा बाहेर. काहीतरी जड लटकत असल्यासारखं... मागे ओढत. आणि बटणाला तर काहीच नव्हतं.

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सपाटीवर पिशवी सरळ लोंबते. चढावर ती मागे झुकते आणि चोक ओढला जातो. तापलेलं इंजिन पेट्रोलने गुदमरतं. सकाळी गार झालेलं इंजिन मात्र त्याच चोकवर झटक्यात सुरू होतं. कार्बोरेटरमध्ये दोष नव्हताच कधी.

शेजारची सीट करकरली.

"माझंच चुकलं..."

वहिनींचा आवाज. नेहमीचाच.

फिटर समोर बघत राहिला. मान वळवायचा धीर होईना. नुसतं 'हं' म्हणाला असता तरी वर्षभराचं ओझं उतरलं असतं. पण...

"नाही गं," तो म्हणाला. "त्या रात्री तुझ्यात त्राण कुठे होतं? पिशवी मी भरली. मीच अडकवली. तुला ती तिथेच लागते म्हणून..."





मग बटण आत गेलं. आपोआप. हळूच.

त्याने चावी फिरवली. गाडी सुरू झाली.

हे सांगताना तो लहान मुलासारखा रडला. "मेल्यावरही माझी चूक अंगावर घ्यायला आली रे," म्हणाला. त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसलो. त्यानंतर मात्र त्याला झोप लागायला लागली. पुढे काही वर्षांनी गेलाही झोपेतच. गाडी माझ्या नावावर करून ठेवली होती.

घ्या ही चावी. खुशाल त्याच रस्त्याने जा, भ्यायचं कारण नाही. ती गाडी त्या चढावर कधी बंद पडत नाही. फक्त एक करून बघा. सपाटीवर चोक ओढा, एका बोटाने बाहेर येईल. मग त्या वळणावर ओढा. मी दोन्ही हातांनी ओढून बघितलाय, जागचा हलत नाही. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखा.

आणि हात लावलात ना, तर बटण...

कोमट लागतं.