दुसऱ्या घळीतला उजेड

हिमवेधीचा दिवा समुद्रतळावर सगळीकडे फिरला, पण पडद्यावर काळ्या खडकाखेरीज काही आले नाही. शनीच्या एन्सेलॅडस या चंद्रावर जाड बर्फाखाली समुद्र आहे. तो बर्फ वितळवत हे मानवरहित यंत्र खाली उतरले होते. वर कक्षेत फिरणाऱ्या यानातून जीवशास्त्रज्ञ डॉ. शर्वाणी केंकरे आणि यानचालक ब्रूनो कार्दोझ ते चालवत होते.

जागा मात्र तीच होती. पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्या यंत्राने इथूनच काही मिनिटांची चित्रे पाठवली होती. गरम झऱ्यांभोवती सूक्ष्मजीवांनी रचलेले उंच मनोरे, आणि ते सगळे सोनेरी प्रकाशाने उजळलेले. त्यानंतर यंत्र बंद पडले. वर्तमानपत्रांनी त्या वस्तीला ‘सोनेरी नगर’ म्हटले आणि मोहिमेचे प्रमुख श्रीपाद धारवाडकर जगभर गाजले. पुढे चंद्राच्या भेगांतून उडणाऱ्या फवाऱ्यांत त्या जीवांचा मागमूसही लागेना, तेव्हा चित्रे संगणकावर बनवल्याचा ठपका त्यांच्यावर आला. संस्थेने त्यांना काढून टाकले. शर्वाणी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. सरांचा शब्द खरा ठरवायचा, एवढ्यासाठीच ती इतक्या लांब आली होती.

तिने खडकावरचा बुळबुळीत थर जनुकवाचकात घातला. उत्तर आले तेव्हा तिने तपासणी पुन्हा केली. जीवाणू पृथ्वीवरचा होता.

हिमवेधीवरूनच गेला असेल, असे ब्रूनोला वाटले. शर्वाणीने मान हलवली. आज गेला असता तर त्याच्या जनुकांत इतके बदल दिसले नसते. हा इथे पंचवीस वर्षे वाढत होता. पहिल्या यंत्राबरोबर आला, झऱ्यांचे अन्न त्याने बळकावले आणि मनोरे उपाशी मेले.

ब्रूनो गोव्याचा, जुन्या दर्यावर्दींच्या हकिकती वाचणारा. तो म्हणाला, युरोपातून सोन्याचे नगर शोधत गेलेल्या पहिल्या लोकांनी ॲमेझॉनच्या काठी गजबजलेल्या वस्त्या पाहिल्याचे लिहून ठेवले होते. नंतर गेलेल्यांना तिथे रान दिसले.

“पहिल्यांना लोकांनी थापाडे ठरवलं,” तो म्हणाला. “पण वस्त्या होत्या. गोऱ्यांबरोबर देवी आणि गोवर गेले, त्यांत माणसं मेली. सोनं तेवढं कधीच नव्हतं.”

परतीसाठी हिमवेधी घळीच्या बाजूच्या कड्याइतका वर आला आणि पडद्याच्या कडेला उजेड दिसला. कड्यापलीकडच्या घळीत मनोरे होते, जिवंत. मधल्या कड्यामुळे तळाचे पाणी इकडून तिकडे जात नसावे. शर्वाणीने हिमवेधी जागीच थांबवला. त्याच्या अंगाला तो जीवाणू लागलेला होता.

ब्रूनोने विचारले, की पृथ्वीला कळवले तर पुढची मोहीम निर्जंतुक यंत्र घेऊन येईल ना?

“पहिलंही निर्जंतुक करूनच पाठवलं होतं,” शर्वाणी म्हणाली.

शिवाय नगर खरे होते एवढे जरी जाहीर केले, तरी दुसरे शोधायला प्रत्येक देश यंत्र पाठवणार, हे उघड होते. म्हणजे मनोरे वाचवायचे तर काहीच सापडले नाही असे लिहायला हवे, आणि सर कायमचे खोटे ठरणार. हे ठरवण्याचा हक्क एकट्या आपला नाही, असे तिला वाटले. तिने खाजगी वाहिनीवरून धारवाडकरांना सगळे सांगितले.

संदेश जाऊन उत्तर यायला तास लागत. मग म्हाताऱ्याचा आवाज आला, थकलेला पण स्वच्छ.

“शर्वाणी, अहवालात लिही की तिथे काही नाही आणि कधी नव्हतंही. माझी काळजी करू नकोस. फक्त एक कळव. पलीकडचा उजेड सोनेरीच आहे ना? इतकी वर्षं लोक म्हणतायत, तेव्हा हल्ली मलाच शंका यायला लागली होती.”

शर्वाणीने होकार पाठवला. मग घळीची चित्रे पुसून टाकली आणि हिमवेधी सरळ वर खेचला.