रिकाम्या प्लेटवरची छाती

भुशीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या छोट्या दवाखान्यात स्नेहल पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. काम साधंच. एक्स-रेची नवी डिजिटल प्लेट बसवून झाली होती, तिचं कॅलिब्रेशन तेवढं करायचं नि पुण्याला परतायचं. बाहेर धुकं असं दाटलेलं, की दारात लावलेली स्वतःची गाडीही तिला दिसेना.

बाकावर कुरवंड्याची चंपामावशी नवऱ्याला, अंबाजीआबांना, घेऊन बसली होती. मावशीला दोन महिन्यांचा खोकला, आणि मशीन बंद म्हणून दोन दिवस नुसते हेलपाटे.

"पोरी, आवर की बाई! आमचं म्हातारं हितंच बसून मुळं धरंल," मावशी हसली आणि हसता हसता खोकत वाकली. आबा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"अर्ध्या तासात, मावशी. पहिला नंबर तुमचाच."

आता कॅलिब्रेशन म्हणजे काही मोठी जादू नव्हे. प्लेटसमोर कुणी नसताना किरण सोडायचे. जे उमटेल ते मशीन 'रिकामं' म्हणून लक्षात ठेवतं आणि पुढच्या प्रत्येक फोटोतून तेवढं वजा करतं. म्हणूनच समोर खरोखर कुणी असून चालत नाही.

स्नेहलनं काचेमागून बटण दाबलं. पडद्यावर सारवलेल्या भिंतीसारखा एकसारखा करडा रंग यायला हवा होता. आली ती छाती. बरगड्या, हृदय, आणि उजव्या फुफ्फुसात रुपयाएवढा डाग.

"बजरंगभाऊ, आत कोण आहे?"

"कोन न्हाई, मॅडम," तिथला टेक्निशियन म्हणाला. "दार मीच लावलंय."

ती आत जाऊन आली. फिनेलचा वास, गार हवा, प्लेटचा मोकळा स्टँड. प्लेट पुसली, वायरी तपासल्या. पुन्हा बटण. पुन्हा तीच छाती. फक्त आता बरगड्या फाकलेल्या होत्या, कुणी खोल श्वास आत ओढून घ्यावा तशा. तिसऱ्यांदाही तेच.

बजरंग पडद्यापासून मागं सरकला. "मॅडम... ऱ्हाऊ द्या आज. ह्ये बरं न्हाई."

राहू द्या म्हणे! या महिन्यात तिच्या दोन फेऱ्या फुकट गेल्या होत्या. तिसरी गेली तर नोकरीवरच गदा. डॉक्टर दोनदा दारातून डोकावून गेले होते. कारखान्यातल्या चाचणीची सावली राहिली असेल, असं तिनं स्वतःला बजावलं. ते खोटं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं 'मान्य'वर बोट ठेवलं, आणि मशीननं ती छाती 'रिकामी' म्हणून नोंदवून टाकली.

बजरंगनं चंपामावशीला आत नेलं, प्लेटला छाती टेकवून उभं केलं आणि तो काचेमागे आला.

"श्वास घ्या... रोखा."

स्नेहलनं बटण दाबलं.

पडदा करडा. एकसारखा, एक ठिपका नाही. तीन वाजल्यापासून तिला हवा होता तस्सा.

मावशीतून ती छाती वजा केली आणि काहीच उरलं नाही. म्हणजे ती छाती मावशीचीच होती... मावशीनं आत पाऊल टाकण्याआधीपासून.

तिनं काचेतून पाहिलं. स्टँडपाशी कुणी नव्हतं.

"झालं का गं, पोरी?" आवाज मात्र तिथूनच आला.

"भाऊ... मावशी कुठं गेल्या?"

बजरंग गोंधळला. "कोन मावशी?"

तिनं कॅलिब्रेशन पुसलं. संगणक म्हणाला, पुसलं. पुन्हा किरण सोडले. करडाच.

"श्वास... सोडू का?" आवाज आता बारीक झाला होता. "दम कोंडतोय गं..."

"सोडा! मावशी, सोडा!" स्नेहल किंचाळत आत धावली. प्लेटसमोरची हवा तिनं दोन्ही हातांनी चाचपली. हाताला नुसती थंडगार प्लेट लागली. आवाज पुन्हा आला नाही.

ती तशीच बाहेर पळाली. आबा बाकावरच होते.

"आबा, माझं चुकलं हो... मी नको ते केलं... मावशी..."

आबांनी संथपणे मान वर केली.

"त्येच इचारणार व्हतो, ताई. सकाळपास्नं हितं बसलोय... पर कुनासाठी, त्येच ध्यानात येईना." त्यांनी मूठ उघडली. फोटोसाठी काढून दिलेलं मंगळसूत्र होतं तीत. "आन् ह्ये... कुनाचं हाय वो?"